उन्हाचा रकाना

सूर्याशी ज्याचे वैयक्तिक भांडण होते असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. उन्हाळ्याला नावे सर्वच ठेवतात. चैत्र लागला की शिरूरपासून दौंडपर्यंत प्रत्येक जण कपाळ पुसत 'यंदा फारच तापलंय' असे म्हणतो आणि आपापल्या कामाला लागतो. मामांचे तसे नव्हते. त्यांचा संताप सर्वसाधारण नव्हता. तो एका विशिष्ट आरोपीविरुद्ध होता. सकाळी दहाच्या सुमारास ते अंगणात येत, डोळ्यांवर आडवा हात धरून वर पाहत आणि एखाद्या कोडग्या पाहुण्याला बोलावे तशा आवाजात म्हणत, "आला का? ये. तुझीच वाट बघत व्हतो." त्यानंतर मावळतीपर्यंत त्यांचा पारा खाली येत नसे. त्यांच्या घरी कोणीही आले, मग तो ओळखीचा असो वा वाट चुकलेला, तर त्याला ते उंबऱ्यावर नाव विचारत नसत. "आधी सावलीत या. मग नाव सांगा," हे त्यांचे पहिले वाक्य असे, आणि सावलीत यायला जो वेळ लावी त्याच्यावर ते उखडत.

मामांनी तीस वर्षे रुळांवर गँगमनचे काम केले. खांद्यावर पहार, डोक्याला टॉवेल आणि पायांखाली तापलेली खडी, अशी त्यांची हयात मनमाडकडे जाणाऱ्या लायनीच्या कडेने गेली. निवृत्तीनंतर माणसाने विहाराच्या ओट्यावर बसावे की मुलाच्या संसारात लक्ष घालावे, याविषयी वस्तीवर दोन मते होती. मामांनी दोन्ही बाजूला सारून दौंडच्या बाहेर, लायनीला लागून असलेल्या आपल्या तुकड्यात पोल्ट्री काढली. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका सरकारी योजनेतून ब्रॉयलर जातीची पिल्ले नुकतीच मिळू लागली होती, आणि पांढऱ्या, गलेलठ्ठ कोंबड्या पाहायला लोक सर्कशीला जावे तसे येत.

हा पक्षी गावरान कोंबडीसारखा नाही, हे आजच्या वाचकाला सांगायला नको. त्या काळी मात्र सांगावे लागे. गावरान कोंबडी उकिरड्यावर चरते, झाडाखाली जाते, स्वतःचे स्वतः पाहते. ब्रॉयलरचे पिल्लू आठ-नऊ आठवड्यांत एवढे वाढते की शाळकरी पोराच्या हाडांवर पैलवानाचे मांस चढवल्यासारखे दिसते. चालले तरी त्याला धाप लागते. त्यात मुळात कोंबडीला घाम येत नाही. अंग तापले की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, खाणे सोडते, पाण्यापाशी गर्दी करते. आणि तरीही अंग निवले नाही, तर मान टाकते. अंगाने जितकी भारी तितकी लवकर. हे मी आज एवढ्या खात्रीने लिहितो आहे, याचे कारण ते मला भर वर्गात शिकवले गेले.

मी त्या वेळी शिरूरच्या एका शाळेत विज्ञान आणि भूगोल हे विषय शिकवीत असे. एका रविवारी दौंडला जेवताना, 'उन्हाळ्यात सर्व प्राण्यांना घाम येतो व त्यामुळे त्यांचे अंग थंड राहते' असे आपण सातवीच्या फळ्यावर लिहिल्याचे मी सहज बोलून गेलो. मामांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "सर्व?" एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. मी "हो" म्हणालो. न भांडता त्यांनी भाकरी पुन्हा उचलली, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. बुधवारी तिसऱ्या तासाला वर्गाच्या दारात मामा उभे राहिले. काखेत पिशवी, पिशवीतून डोकावणारी पांढरी कोंबडी. एसटीच्या कंडक्टरशी भांडून तिला त्यांनी खिडकीची जागा, तीही सावलीच्या बाजूची, मिळवून दिली होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली, तिचा पंख वर केला आणि म्हणाले, "मास्तर, घाम दावा."

वर्ग गडगडून हसला. मी आवाज चढवून म्हणालो, "मामा, वर्ग चालू आहे."

"म्हणूनच आलो. वर्ग सुटल्यावर काय, चुकीचं घिऊन पोरं घरी जात्याल. घाला हात. म्या तिसरीच शिकलो, पर कोंबडीच्या बगलंत हात घातलाय."

मी हात घातला. पिसांखालचे अंग कढईसारखे गरम आणि कोरडे ठणठणीत होते. मी फळ्याकडे वळलो, 'सर्व' हा शब्द पुसला आणि तेथे 'काही' असे लिहिले. मामांनी समाधानाने मान हलवली, पिशवी उचलली आणि जाता जाता मुलांना बजावले, "मास्तरांवर हसायचं न्हाई. पुसायला बी छाती लागती." पुढे तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाची याहून उचित तपासणी कोणी केली नाही.

त्यांच्या घरी जावयाचा मान हा प्रकार फाल्गुनापर्यंतच चाले. उन्हाळ्यात कोंबड्यांना पाणी पाजून झाल्याशिवाय मला पाणी मिळत नसे. दुपारी बारा ते चार या वेळात शेडजवळ मोठ्याने बोलायचे नाही, भरभर चालायचे नाही, शिंकायचे असेल तर लिंबाच्या पलीकडे जाऊन शिंकायचे, असा दंडक होता. कारण दचकून उठलेली कोंबडी धावते, आणि धावलेली कोंबडी तापते. एकदा मी त्या चार तासांत पोचलो, तर मामींनी ओठांवर बोट ठेवून मला लिंबाखाली बसवले आणि ताट थेट साडेचारला आणून दिले. दुसऱ्या एका भाचीच्या लग्नात, ऐन मे महिन्यात, नवरदेव लोकरी कोट घालून मिरवत आलेला पाहून मामांनी वरात अडवली होती. "आरं, लग्नाला आणलाय का भट्टीला?" असे ओरडत त्यांनी त्याच्या अंगावरचा कोट स्वतःच्या हाताने उतरवला, आणि वरपक्ष रुसला तेव्हा, "रुसा, पर सावलीत जाऊन रुसा," असे सुनावले.

परंतु त्यांचा खरा संताप पाहावा तो बाजारात. दौंडच्या बाजारपेठेत एक इसम भर दुपारी सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी कोंबड्या उलट्या टांगून नेत होता. मामांनी सायकलचे कॅरिअर मागून धरले. तो म्हणाला, "सोडा की आबा. मरायच्याच हायेत त्या, आज न्हाईतर उद्या."

"तू बी मरायचाच हायेस," मामा म्हणाले. "म्हणून तुला आत्ताच उलटा टांगू?"

माणसे जमली. कोणी हसले, कोणी मामांना वेड्यात काढले. वस्तीवरचे एक वृद्ध गृहस्थ योगायोगाने तेथे होते. ते म्हणाले, "घरात बुद्धाची तसबीर लावतोस, आन् कोंबड्या कापायला पाळतोस. तुला बोलायचा काय हक्क?"

"रविवारी रश्शाला डबा कुणाचा येतो पयला? तुमचाच की, आप्पा," मामा उसळले. मग त्या सायकलवाल्याकडे नव्हे तर सगळ्या बाजाराकडे पाहत म्हणाले, "मराण कुणाला चुकलंय? पर जित्ती हाय तवर तिची व्हरपळ झाली, तर त्यो गुन्हा सांभाळणाऱ्याचा. कोंबडीचा न्हाई आन् सूर्याचा बी न्हाई." कोंबड्या सुलट्या होऊन पाटीत बसल्याशिवाय ती सायकल हलली नाही.

उन्हाळ्याच्या तुकडीसाठी ते हिवाळ्यापेक्षा पुष्कळ कमी पिल्ले आणत. शेड मोकळी का दिसते, असे मी एकदा विचारले. त्यांनी मला हाताला धरून लायनीवर नेले आणि दोन रुळांच्या सांध्यातली बोटभर फट दाखवली. "ही का ठिवत्यात, म्हाईत हाय?" मला माहीत होते, उष्णतेने लोखंड प्रसरण पावते, हा धडा मीच शिकवीत असे. पण मामांना उत्तर नको होते. "लोखंडाला बी उनाळ्यात पसराया जागा ठिवली इंजनेरानं," ते म्हणाले. "माणसाला कुणी ठिवली न्हाई. निदान माज्या कोंबडीला तरी ठिवतो."

आता मला त्या शेडविषयी लिहिले पाहिजे, आणि येथे माझाही दोष आहे. आपल्या प्रदेशात शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी; म्हणजे लांब, जाळीच्या बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला येतात, आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त टोकाच्या भिंतींवर पडते. मामांची शेड लायनीला अगदी समांतर, दोरी लावून बांधलेली होती. आणि मनमाडची लायन तेथे उत्तरेकडे जाते. त्यामुळे शेडची एक पूर्ण बाजू पश्चिमेला उघडी होती. भूगोलाच्या शिक्षकाला हे पहिल्याच दिवशी दिसले. मी बोललोही.

"मास्तर," मामा म्हणाले, "तीस वर्सं लायनीवर काढली. लायनीला वाकडं कायबी बांधायचं न्हाई, ही आमची शिस्त."

"वाकडे नाही, मामा. पण दुपारचे ऊन सरळ आत येईल."

"उनाला मी बघतो. तुमी फळा बघा."

मी गप्प बसलो. भाचीच्या नवऱ्याने मामांना किती शिकवावे, याला मर्यादा असते, अशी मी स्वतःची समजूत घातली. चूक दिसत असताना संकोचाने गप्प बसणारा विद्यार्थी मला कधी आवडला नाही. मग शिक्षकाची गोष्ट सोडाच. ज्या माणसाने माझा शब्द माझ्या वर्गात येऊन पुसायला लावला, त्याच्या अंगणात मला तेवढे धैर्य झाले नाही, याचा राग मला अजून येतो.

दोन उन्हाळे मामांनी खरोखरच उन्हाला बघून घेतले. पत्र्यांवर उसाचे पाचट अंथरून ते भिजवत, पत्र्यांच्या कडांना चुना फासत, पश्चिमेच्या जाळीला ओली गोणपाटे टांगत. तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, मी आणि माझी पत्नी सुटीसाठी तेथे असताना, एक दिवस असा उगवला की सकाळी आठलाच लिंबाचे पान हलेनासे झाले. तुकडी आठ आठवड्यांची झाली होती. म्हणजे पक्षी सर्वांत भारी आणि म्हणून सर्वांत नाजूक. मामांनी खाद्य पहाटेच देऊन नऊला भांडी उचलली, कारण अन्न पचतानाही अंगात उष्णता निर्माण होते. मातीच्या परातींत गूळ-मिठाचे पाणी ठेवले. दोन वाजता ऊन पश्चिमेला कलले आणि जाळीतून आत आले.

गोणपाट सोडले तर वारा बंद होई. उचलले तर ऊन आत येई. मामा ते सोडत होते, उचलत होते, पुन्हा सोडत होते. उन्हापासून दूर पळताना पक्षी पूर्वेच्या जाळीशी एकमेकांवर चढू लागले, आणि उन्हाइतकीच ही गर्दीही मारते. शेवटी मामांनी घरातली मोठी सतरंजी आणली. पश्चिमेच्या जाळीपासून चार हात दूर, म्हणजे सावली आत जाईल आणि हवाही कोंडणार नाही, अशा बेताने आम्ही ती उभी धरली: एका टोकाला मामा आणि मामी, दुसऱ्या टोकाला मी आणि माझी पत्नी. सतरंजीची सावली कोंबड्यांवर, ऊन आमच्यावर. मामा सूर्याला नावानिशी शिव्या देत होते. "समोर ये! हतं माज्यासमोर ये! मुक्या जिवावर काय दात काढतोस?" पण एक सतरंजी ती किती, आणि शेडची लांबी किती. जेथे सतरंजी पोचत नव्हती तेथून आवाज येऊ लागला. आधी शेकडो चोचींची धाप, मग मधूनच पंखांची एक फडफड, आणि मग तेथे शांतता. चारच्या सुमारास मामांनी शिव्या थांबवल्या. मी त्यांना उन्हात गप्प उभे असलेले तेव्हा प्रथम पाहिले.

संध्याकाळी दोन मोठ्या पाट्या भरल्या. बाकीचे पक्षी वाचले होते, पण मामांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी योजनेचे जनावरांचे डॉक्टर सायकलवरून आले. तरुण होते आणि मनाने चांगले होते, हे मला मुद्दाम नोंदवले पाहिजे. त्यांनी पाट्या पाहिल्या, दोन पक्षी उलटेसुलटे करून तपासले आणि पिशवीतून छापील फॉर्म काढला. मरणाच्या कारणाचे रकाने त्यात छापलेले होते. त्यांतल्या एकावर, एका रोगाच्या नावापुढे, त्यांनी खूण केली.

"काय लिवलं?" मामांनी विचारले. मी वाचून दाखवले.

"रोग?" मामा उठून उभे राहिले. "कंचा रोग? काल दुपारी दोनला आला आन् चारला गेला, असा कंचा रोग हाय? ऊन लिवा."

"उन्हाचा रकाना नाही, मामा."

"रकाना न्हाई म्हंजी ऊन न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "तुमच्या भल्यासाठीच लिहितोय. रोग लिहिला तर तो कोणाच्या हातात नव्हता, असं होतं. ऊन लिहिलं तर वरचे विचारणार, शेड कशी बांधली होती? मालकाची हयगय म्हणतील. पुढची पिल्लं मिळायची नाहीत. मास्तर, तुम्ही तरी समजावा."

मी तोंड उघडले, आणि डॉक्टर म्हणतात ते ऐका असेच सांगणार होतो. पोल्ट्री हा मामांचा निवृत्तीनंतरचा सारा उद्योग होता. पिल्ले बंद होणे म्हणजे काय, हे मला समजत होते. पण मामांनी माझ्याकडे पाहिले. वर्गात कोंबडीचा पंख वर करून पाहिले होते, अगदी तसे. मी तोंड मिटले.

"कागुद आना हिकडं," मामा म्हणाले. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं हाय. रोगावर काट मारा. खाली कोऱ्या जाग्यात लिवा. ऊन. आन् त्याच्या खाली लिवा: शेड लायनीला समांतर बांधल्यामुळं पच्छिमेचं ऊन आत आलं. जावयानं सांगितलं व्हतं. मालकानं ऐकलं न्हाई. चूक मालकाची."

"मामा, एवढे लिहिण्याची गरज—"

"लिवा."

मी लिहिले. मामांनी खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर दाबून. डॉक्टर कागद घेऊन गेले. जाताना त्यांनी मामांना वाकून नमस्कार केला, हे मी पाहिले.

या हट्टाचा मला त्या वेळी संतापच आला. दुपारी मामी धान्य निवडत होत्या, तेव्हा मी तो त्यांच्यापाशी बोलून दाखवला. मामी सूप पाखडत राहिल्या. "मास्तर, हेंच्या जोडीला किसन व्हता लायनीवर," त्या म्हणाल्या. "असाच मे म्हयना. भर दोन वाजता रूळ बघत चालताना पडला, त्यो उठलाच न्हाई. मुकादमानं कागदावर लिवलं, 'अशक्तपणामुळं'. किसन आन् अशक्त! दोन गड्यांचं वझं एकटा उचलायचा त्यो. समद्यांना ठावं व्हतं, ऊन लागलं. पर ऊन लिवलं असतं तर मुकादमाला इचारलं असतं ना, भर दुपारी का चालवलं म्हून." त्यांनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "खाली साक्षीदाराची सही हेंची हाय. काम जाईल म्हून केली. तवापासनं हे उनाशी भांडत्यात."

पुढची पिल्ले आली नाहीत, डॉक्टर म्हणाले होते तसेच. मामांनी राहिलेली तुकडी विकली आणि शेड उतरवायला घेतली. दिवाळीच्या सुटीत मी शाळेचे होकायंत्र घेऊन गेलो. मामांनी ते तळहातावर घेऊन सुई पाहिली. मग त्यांनी लायनीकडे पाठ केली आणि म्हणाले, "सांगा मास्तर, दोरी कुठं मारू?" आम्ही दोघांनी दोरी मारली. शेड लायनीला आडवी उभी राहिली. तीस वर्षांची शिस्त मोडली. मात्र जाता-येता त्या आडव्या भिंतीला ते जरा बिचकून वळसा घालत. वर्षभराने पिल्ले पुन्हा मिळू लागली. तो फॉर्म वर कोणी वाचला, की वाचलाच नाही, हे कळले नाही. नंतरच्या जूनमध्ये मला शिरूरला एक पोस्टकार्ड आले. त्यावर दोनच शब्द होते: 'समदी हायेत.'

मामा गेले ते पौषात, ज्या ऋतूशी त्यांचे काहीच भांडण नव्हते. शेडमध्ये आता कोणाच्या तरी शेळ्या असतात. मनमाडच्या गाडीने जाताना ती खिडकीतून दिसते: लायनीला आडवी, एकटी, हट्टी. सांध्यांवरून चाके जाताना जो खटका होतो, त्या प्रत्येक खटक्याला मला बोटभर फट आठवते. मागच्या मे महिन्यात पश्चिमेच्या बाजूला, उघड्या खिडकीशी, एक थकलेला माणूस ऊन तोंडावर घेत बसला होता. मांडीवर पिशवी, डोळे मिटलेले. मी माझी सावलीतली जागा सोडून उठलो आणि त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकला. आपण कोण, कुठले, असे काहीतरी सांगू लागला.

"आधी सावलीत या," मी म्हणालो. "मग नाव सांगा."